भोंगा आणि तो विषय

बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीमागे जो बसतो, त्याला सगळं गाव भोंगा म्हणतं. ‘बसतो’ ही आपली म्हणायची रीत. त्याला बसलेला फारसा कुणी पाहिलेला नाही. माईकची वायर जेवढी लांब तेवढ्या जागेत तो दिवसभर फिरतो, आणि जागा लहान असल्यामुळे त्यात चालणं कमी आणि वळणंच जास्त होतं. समोरून विचारणाऱ्याला उत्तर मिळतं ते बहुधा त्याच्या पाठीकडून. पण ते मिळतं, आणि शेजारच्या फलाटावरच्यांनाही मिळतं. त्याच्या आवाजाला खरं तर माईक लागत नाही. वीज गेली तर प्रवाशांना ते पंखे थांबल्यावर कळतं, घोषणांवरून नाही.

आईवडिलांनी घरातला सगळा आवाज या थोरल्याला देऊन टाकला आणि धाकटीच्या वाटणीला काही उरलंच नाही. त्याची बहीण इतकं हळू बोलते, की लहानपणी शाळेत हजेरीच्या वेळी ती ‘हजर’ म्हणायची आणि तिची गैरहजेरी लागायची. पुढे तिने धंदाही शोभेलसा निवडला. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत लोकांच्या दंडाला पट्टा बांधून सुई टोचते. ‘मूठ आवळा, झालंच’ एवढंच तिला बोलावं लागतं, आणि घाबरलेल्या माणसाला तेवढ्या आवाजात सांगितलेलं बरं वाटतं.

ती राहते मोटार शिकवणाऱ्या बाईंबरोबर. ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्याच मजल्यावर दोघींचं घर आहे. या व्यवस्थेबद्दल भोंग्याच्या घरात पहिल्यापासून एकच वाक्य ठरलेलं होतं. ‘दोघी मिळून राहतात, तेवढंच भाडं वाचतं.’ पुढे दोघींनी ते घर विकत घेतलं, तरी भाडं वाचतच राहिलं.

हे असंच चाललं असतं. पण कायदेमंडळात विधेयक आलं. दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना एकमेकांशी रीतसर लग्न करता यावं, एवढाच त्याचा अर्थ. वर्तमानपत्रांना बरेच दिवस दुसरं काही सुचेना. बाजूने बोलणारे होते, विरुद्ध बोलणारे होते, आणि आपण दोन्ही बाजू ऐकून घेतो असं सांगून कुणाचंच न ऐकणारेही होते. गावातल्या प्रार्थनागृहाच्या मंडळाने विरोध करायचं ठरवलं. मंडळाचा चिटणीस म्हणजे भोंग्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याला मोर्चासाठी आवाज हवा होता, आणि तो त्याच्या घरच्याच नात्यात होता.

‘दाजी, देवाने दिलेला आवाज गाड्यांच्या वेळा सांगण्यात किती दिवस घालवणार?’ असं मेहुण्याने विचारलं, तेव्हा भोंग्याला ते लागलंही आणि आवडलंही. इतक्या वर्षांत त्याच्या आवाजाचं कौतुक करायला कुणी घरी आलं नव्हतं. कमी करा म्हणायला आले होते. तो हो म्हणाला. विधेयकाबद्दल त्याचं स्वतःचं असं मत नव्हतं. मत नसलं की होकार लवकर देता येतो.

घोषणा ठरवायला सगळे प्रार्थनागृहाच्या मागच्या खोलीत जमले. अडचण पहिल्या पाच मिनिटांतच आली. विरोध ज्याला करायचा त्याचं नाव घ्यायला कुणाची जीभ रेटेना. त्या शब्दातच पंचाईत होती. बायका असतील, पोरंबाळं असतील, आणि लाउडस्पीकरवरून तो शब्द म्हणायचा म्हणजे काय. धर्मगुरूंनी डोळे मिटून सांगितलं, की त्या शब्दाचा उच्चार या वास्तूत झालेला नाही आणि होणार नाही.

‘मग “तसली लग्नं” म्हणू,’ कुणीतरी सुचवलं.

‘तसली म्हणजे कसली, असं लोक विचारतील,’ एक म्हातारे सभासद म्हणाले.

‘विचारतील तर सांगू.’

‘काय सांगू?’

भोंगा भिंतीकडेने येरझाऱ्या घालत होता. तो म्हणाला, ‘तुम्ही शब्द द्या, मी म्हणतो. मला काय. पण कुठली गाडी ते न सांगता नुसतं “रद्द” म्हटलं, तर स्टँडवर मारामारी होते.’

शेवटी बऱ्याच विचाराअंती ‘तो विषय’ यावर एकमत झालं. ज्याला कळायचं त्याला कळेल, ज्याला कळू नये त्याला कळणार नाही. ‘तो विषय’ असं भोंग्याने म्हणायचं आणि बाकीच्यांनी ‘नको’ म्हणायचं.

पहिला मोर्चा बाजारपेठेतून निघाला आणि सरावाच्या मानाने चांगला निघाला. भोंग्याचा आवाज दुकानांच्या पाट्यांवर आपटून परत येत होता. मोर्चा शाळेपाशी आला तेव्हा मधली सुट्टी होती. ‘तो विषय’ असं इकडून गेलं आणि कुंपणापलीकडून शेकडो गळ्यांतून ‘नको’ आलं. इतका उत्स्फूर्त प्रतिसाद मंडळाने कधी अनुभवला नव्हता. धर्मगुरूंचे डोळे पाणावले. पोरं कुंपणावर चढली, काही मोर्चात शिरली, आणि त्यातल्या एकाने ‘भूमितीपण’ असं ओरडेपर्यंत कुणालाही काही उलगडलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठळक बातमी होती. गणित हा विषय सक्तीचा नको, यासाठी पालकांचा विराट मोर्चा. धर्मगुरूंचं छायाचित्र होतं. खाली शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांनी मंडळाला चर्चेचं निमंत्रण दिलं होतं. मेहुणा चार दिवस घराबाहेर पडला नाही. पडला तेव्हा ज्या ज्या पालकाने त्याला धन्यवाद दिले, त्या सगळ्यांशी तो भांडला.

इकडे कायदेमंडळाच्या समितीने गावात जनसुनावणी ठेवली. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने यावं, समितीसमोर बोलावं. धर्मगुरू आत बोलणार आणि मंडळ बाहेर मोर्चा काढणार असं ठरलं. या वेळी घोषणा चुकून चालणार नव्हती. ती तयार करायचं काम मेहुण्याने भोंग्यावरच टाकलं. ‘दाजी, शब्द सभ्य हवा. पण कळायला हवा.’

असा शब्द शोधत भोंगा संध्याकाळी बहिणीच्या घरी गेला. त्याचा विचार सरळ होता. ती वाचणारी आहे. आणि या विषयातलं माहीत असणारं त्याच्या ओळखीत दुसरं होतं कोण? रस्ताभर त्याला यात काही विचित्र वाटलं नाही. जिन्यात वाटलं, पण तोवर घंटी वाजवून झाली होती.

मोटारवाल्या बाई सोफ्यावर बसून बातम्या बघत होत्या. आयुष्यभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसल्यामुळे त्यांना एक सवय आहे. कुणी वेगाने जवळ आलं की त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. भोंगा आत शिरला तसा तो दाबला गेला.

‘हळू, दादा,’ त्या म्हणाल्या. ‘टेबल आहे.’

बहीण आतून आली. भोंग्याने टेबलाला एक वळसा घेतला.

‘एक काम होतं तुझ्याकडे.’

‘रक्त तपासायचंय?’

‘नाही गं. एक घोषणा हवी होती.’

‘कशाविरुद्ध?’

भोंग्याने दुसरा वळसा घेतला. ‘ते आपलं... विधेयक आहे ना.’

‘म्हणजे आमच्याविरुद्ध.’

‘तुमच्याविरुद्ध कशाला? विधेयकाविरुद्ध.’

‘बरोबर आहे,’ मोटारवाल्या बाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. ‘माणसाला अडवायचं नाही, फक्त चाकातली हवा काढायची.’

‘यमक हवं का?’ बहिणीने विचारलं.

‘जमलं तर बरं,’ भोंगा प्रामाणिकपणे म्हणाला, आणि मग त्याला तिचा चेहरा दिसला.

ती रागावली नव्हती. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली, रक्त घ्यायला बसते तशीच, आणि म्हणाली, ‘दादा, त्या दिवशी मी आत असणार आहे.’

‘कशाला?’

‘बोलायला.’

‘तू?’ भोंगा म्हणाला. ‘चारचौघांत?’

‘मी खोली बघून आले परवा. पहिल्या मजल्यावर आहे, रस्त्याच्या अंगाला. एक खिडकी लागतच नाही. माईक फक्त सदस्यांपुढे आहेत, आपण नुसतं उभं राहून बोलायचं. तू खाली सुरू झालास तर मला माझंच ऐकू येणार नाही, त्यांना काय येणार. तुम्ही मोर्चा काढा. घोषणा द्या. तो तुमचा हक्क आहे, मी काही म्हणत नाही. फक्त तू नको.’

‘मंडळाला शब्द दिलाय मी.’

‘त्यांच्याकडे कुठे शब्द आहे?’ मोटारवाल्या बाई म्हणाल्या. ‘तोच तर शोधायला आलात ना?’

‘तुझ्या वहिनीचं सगळं माहेर मंडळात आहे,’ भोंगा बहिणीला म्हणाला. ‘रोज तोंड दाखवायचंय मला.’

‘मला माहीत आहे. म्हणून तर विचारतेय. सोपं असतं तर विचारलं असतं का?’

तो चहा न घेता उतरला. घोषणा मिळाली नव्हतीच, वर हे मिळालं होतं.

त्यानंतरच्या दिवसांत भोंग्याने आवाज घालवायचा मनापासून प्रयत्न केला. तो बर्फाचं पाणी प्यायला. पंख्याखाली छाती उघडी टाकून झोपला. स्टँडमागच्या मोकळ्या मैदानात जाऊन विनाकारण ओरडला, तर राखणदाराने येऊन काय हरवलं म्हणून विचारलं. आवाज सुधारला. खालच्या पट्टीत त्याला एक नवीनच गोलाई आली, आणि आगारप्रमुखांनी सहज जाता जाता तिची तारीफ केली.

आवाज ठिकाणावर होता, बाकी काही नव्हतं. सहा नंबरच्या फलाटावरची गाडी त्याने दोनवर बोलावली. लोक सामान घेऊन दोनवर धावले, तिथे गाडी नव्हती, म्हणून त्याने चारवर सांगितलं. लोक चारवर धावले. गाडी सहावरून मोकळीच निघून गेली. खिडकीशी येऊन एक गृहस्थ म्हणाले, ‘भोंगेसाहेब, आम्ही व्यायाम सकाळी करतो.’ एरवी त्याने त्यांना तिथल्या तिथे गार केलं असतं. त्याने माफी मागितली. गृहस्थच घाबरले.

घरी बायको भाजी निवडत होती. तो या खोलीतून त्या खोलीत जात होता.

‘अहो, एका जागी थांबा. मला डोळे फिरल्यासारखं होतंय.’

‘तुझ्या भावाला काय सांगू?’

‘मी माझ्या भावाला समजावीन असं वाटत असेल तर विसरा. तो माझं ऐकत नाही. तुम्हीही ऐकत नाही. मी लोकांना सांगायचं सोडून दिलंय, तेव्हापासून बरी झोप लागते.’ तिने देठ बाजूला टाकले. ‘वन्सं खरंच बोलणार आहेत? सगळ्यांसमोर?’

‘म्हणते तर आहे.’

‘मला ऐकायला आवडलं असतं,’ ती म्हणाली. ‘इतक्या वर्षांत त्यांचं एक वाक्य मला पूर्ण ऐकू आलेलं नाही. तुम्ही कायम मध्ये.’

सुनावणीच्या आदल्या दिवशी मेहुणा घोषणा घेऊनच आला. त्याने ती स्वतः केली होती. ‘निसर्गाचा नियम, मोडू देणार नाही.’ यमक नव्हतं, पण गणिताचाही संबंध नव्हता.

‘उद्या मला जरा बरं नसण्याची शक्यता आहे,’ भोंगा म्हणाला. हे त्याने अशा खणखणीत आवाजात सांगितलं, की शेजारच्या बाईंनी खिडकीतून ‘काळजी घ्या’ म्हटलं.

मेहुणा हसला नाही. ‘दाजी, तुमच्या बहिणीचं आम्हाला ठाऊक नाही असं नाही. आम्ही कधी बोललो? नाही बोललो. तेवढी माणुसकी ठेवली. उद्या तुम्ही माईक धरलात की पुढेही कुणी बोट दाखवणार नाही. नाही धरलात, तर का धरला नाही हे लोक विचारतीलच. मग मी काय सांगायचं तेवढं सांगून ठेवा.’

बायकोने आतून भांडं जरा जोरात ठेवलं. भोंगा सगळं घर फिरून आला, आणि परत आल्यावर म्हणाला, ‘येतो.’

सुनावणीच्या इमारतीसमोरचा रस्ता सकाळीच भरला. मंडळाचे लोक होते, शिवाय मोर्चाच्या कीर्तीमुळे काही विद्यार्थीही आशेने आले होते. टेम्पोवर कर्णे बांधले होते. धर्मगुरू आत गेले, तेव्हा लोकांनी वाट करून दिली. मग बहीण आली, कामावरून तशीच, प्रयोगशाळेचा कोट अंगात. बरोबर मोटारवाल्या बाई. या वेळी गर्दीने वाट दिली नाही. कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. मोटारवाल्या बाई थांबल्या आणि नेहमीच्या सुरात म्हणाल्या, ‘डावीकडे घ्या.’ निम्मी गर्दी डावीकडे सरकली. गावातल्या निम्म्या लोकांना लायसन्स त्यांनीच मिळवून दिलेलं आहे, मेहुण्यालासुद्धा. तोही सरकला.

बहिणीने टेम्पोकडे पाहिलं नाही. सरळ आत गेली.

मेहुण्याने माईक भोंग्याच्या हातात दिला. भोंग्याने वर पाहिलं. न लागणारी खिडकी उघडी होती. आत कुणाचा नंबर चालू आहे, ते इथून कळायला मार्ग नव्हता. ती पहिलीच असेल, की शेवटची, की आत्ता उभी राहून घसा साफ करत असेल? समोर शेकडो माणसं तोंड उघडायला तयार होती आणि त्याच्या शब्दाची वाट बघत होती.

त्याने श्वास घेतला, आणि आतून जे आलं ते आलं.

‘कृपया लक्ष द्यावे. मोर्चासाठी जमलेल्या सर्वांना सूचना देण्यात येते, की काही अपरिहार्य कारणामुळे घोषणांना उशीर होत आहे. सर्वांनी आपापल्या जागी थांबावे. पुढील सूचना लवकरच देण्यात येईल.’

आणि माणसं थांबली. या आवाजाने थांबा म्हटल्यावर थांबायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की का थांबायचं हे कुणाच्या डोक्यात आलंच नाही. काहीजण पायरीवर बसले. एकाने वर्तमानपत्र काढलं. दोन बायकांनी फलक भिंतीला टेकवून ठेवले आणि एकीच्या सुनेचा विषय काढला. म्हाताऱ्या सभासदांनी तेवढं विचारलं, ‘किती उशीर आहे?’

‘निश्चित सांगता येत नाही.’

‘बरं,’ ते म्हणाले आणि समाधानाने बसले.

मेहुणाही जरा वेळ हाताची घडी घालून उभा होता. मग त्याच्या लक्षात आलं. ‘दाजी, कसला उशीर?’

‘अपरिहार्य.’

‘दाजी, माईक द्या.’

भोंग्याने दिला नाही. तो टेम्पोभोवती फिरू लागला, मेहुणा त्याच्या मागे, आणि वायर दोघांच्या मागे. किती फेऱ्या झाल्या देव जाणे. शेवटी वायर टेम्पोला पूर्ण गुंडाळली गेली आणि भोंग्याला थांबावंच लागलं. मेहुण्याने माईक हिसकला. ‘निसर्गाचा नियम,’ तो ओरडला. कर्ण्यातून शिट्टी वाजली. दहाबारा जणांनी उत्तर दिलं, बाकीचे बसून राहिले. सूचना यायची होती ती अजून आली नव्हती, आणि हा आवाज काही तो नव्हता.

‘फितूर,’ पायरीवरून कुणीतरी म्हणालं. ‘भोंगा बहिणीला विकला गेला.’ भोंग्याने मान वळवून पाहिलं. स्टँडवर रोज त्याला विचारून गाडीत चढणारा माणूस होता. भोंगा गर्दीतून बाहेर पडला आणि कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. म्हणजे कोपऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा राहिला.

बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या आणि तो होता तिथे आल्या. टेम्पोपाशी मेहुण्याचा घसा एव्हाना बसला होता.

‘झालं?’

‘झालं.’

‘मी थांबवून धरलं होतं,’ भोंगा म्हणाला. ‘जमेल तेवढं.’

‘मला कळलं. एकदम सामसूम झाली,’ बहीण म्हणाली. ‘तेव्हा गुरुवर्य बोलत होते.’

भोंग्याचा चेहरा पडला.

‘एकेक अक्षर ऐकू आलं त्यांचं. त्या विषयामुळे समाज कसा बुडेल हे अर्धा तास सांगितलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, कुठला विषय ते नोंदीसाठी स्पष्ट सांगा. हे गप्प. बाईंनी परत विचारलं. हे परत गप्प. बाहेर आवाज असता तर त्यात खपून गेलं असतं रे. शेवटी म्हणाले, आपण सुज्ञ आहात. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.’

‘आणि तू?’

‘मी नंतर. तेव्हा खाली कुणीतरी किरकिरत होतं.’

‘मेहुणा.’

‘तो वरपर्यंत पोचत नाही.’

‘म्हणजे माझा काही उपयोग झाला नाही.’

‘तू ओरडला असतास तर पोचला असतास,’ मोटारवाल्या बाई म्हणाल्या. ‘ब्रेक दाबला म्हणून अपघात झाला नाही, त्याची नोंद कुठेच होत नसते. चला, बाजूला व्हा, सायकल येतेय.’

समितीने निर्णय काही दिला नव्हता. अहवाल पुढच्या अधिवेशनात मांडू, म्हणाले होते. त्याही पुढच्या अधिवेशनात मांडतील असं दोघींना वाटत होतं. भोंग्याला आता घरी जायचं होतं, आणि घरी मेहुणा त्याच्या आधी पोचणार हे दिसत होतं. तो निघेना.

‘काय बोललीस आत?’ त्याने विचारलं.

बहीण सांगू लागली. रस्त्यावर वाहनं होती. त्याला वाकून कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला आणि स्वतः गप्प राहावं लागलं.

‘मी म्हटलं, आम्ही भांडतो. सगळे भांडतात तसं. पण माझ्या वहिनीचं दादाशी भांडण झालं की तिच्या माहेरचे येतात, इकडचे बसतात, कोण चुकलं ते ठरतं, निदान आरडाओरडा होऊन मोकळं तरी होतं. आमच्या भांडणात कुणी पडत नाही. कारण भांडण व्हायला आमच्यात काही आहे हेच कुणी धरत नाही. माझा भाऊ हाकेच्या अंतरावर राहतो आणि आम्ही भाडं वाचवतो असं समजतो. मला लग्न हवंय ते याच्यासाठी. लोकांनी मध्ये पडावं म्हणून.’

भोंगा सरळ झाला. त्याने खिशात हात घातले, काढले, पुन्हा घातले.

‘कशावरून भांडता?’ त्याने विचारलं.

‘ही मला गाडी शिकवत नाही. सगळ्या गावाला शिकवली.’

‘शिकवायला बसले होते,’ मोटारवाल्या बाई म्हणाल्या. ‘मी क्लच सोडा म्हटलं, तर ही म्हणाली, माझ्याशी अशा सुरात बोलायचं नाही. क्लच कुठल्या सुरात सोडायला सांगतात, दादा?’

‘दुसऱ्यांशी गोड बोलते. मी बसले की ओरडते.’

‘दुसऱ्यांचं काही झालं तर मला काय?’

भोंग्याने दोघींकडे पाहिलं. मग त्याने बहिणीकडे वळून, सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला. ‘यात चूक तुझी आहे.’

‘तू तिचीच बाजू घेणार,’ बहीण म्हणाली, आणि हे मात्र तिने इतक्या मोठ्याने म्हटलं की पायरीवरची दोन माणसं वळून बघू लागली.